वळणाची आतली बाजू

मृणालिनीने पॅन पाण्याखाली कलता धरला आणि हलक्या हाताने गोल फिरवायला सुरुवात केली. मोठे खडे तिने आधीच वेचून टाकले होते. आता फिकट वाळू पाण्याबरोबर कडेवरून निघून जात होती आणि तळाशी काळी, जड वाळू चंद्रकोरीसारखी गोळा होत होती. खरं काम त्या काळ्या वाळूपाशी सुरू होतं. हात जरा जोरात हलला की सगळं पाण्यात.

"घाई करू नकोस," पलीकडून गुणवंत म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून, वाकवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने खडकाची चीर उकरत होता.

"मी नाही करत. तुम्ही करता," ती म्हणाली.

खरंच होतं ते. हा नाद त्याचा. फुजैराच्या एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर असलेल्या फ्रेडी बाप्टिस्टने तो त्याला लावला होता. दर शनिवारी शारजाहून निघायचं, डोंगरातल्या कोरड्या वादीत, म्हणजे नदीच्या पात्रात जायचं, साचलेल्या पाण्याच्या डबक्याशी बसायचं आणि वाळू धूत राहायचं. सोनं म्हणजे सुईच्या टोकाएवढे कण, तेही चार-पाच शनिवारांत एखादा. गुणवंतच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसली, तेव्हापासून मृणालिनी त्याला एकटं सोडेना. आधी ती पर्समध्ये गोळ्या घेऊन सावलीत बसायची, मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरकुरायची. मग एकदा कंटाळून तिने पॅन हातात घेतला, आणि तिचा हात बसला. फ्री झोनमधल्या कंपनीत दिवसभर शिपमेंटच्या कागदांत डोकं घालणाऱ्या बाईला हे आवडेल, असं तिचं तिलाही वाटलं नव्हतं.

काळ्या वाळूत काहीतरी चमकलं. कण नव्हता तो, पिवळी रेघ होती. तिने करंगळीने वाळू सरकवली तशी रेघ लांबली. चिमटीत धरून ओढली, तर वाळूतून दोऱ्यासारखी बाहेर येतच राहिली.

"अहो."

तिच्या आवाजाने गुणवंत दचकून उठला. तिच्या बोटांतून साखळी लोंबत होती. बारीक, नाजूक, आणि सोन्याचीच. खडकात किती दिवस होती कोण जाणे, पण जराशीही काळवंडली नव्हती.

"अरे देवा!" तो लहान मुलासारखा हसला. "फ्रेडी जळून मरेल. मी उकरली ना ती चीर? वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडामागे. सांगत होतो ना मी, जड वस्तू तिथेच बसते!"

तीही हसली. ऊन खडकांवर तापत होतं, डबक्यात त्या दोघांच्या सावल्या हलत होत्या, आणि क्षणभर तिला वाटलं, हे आपलं. आपल्याला सापडलं. तिने साखळी मनगटावर ठेवून पाहिली. मग सहज, बायका करतात तसं, गळ्याशी धरली.

ती गळ्याला पुरली नाही.

बराच वेळ ती तशीच, दोन्ही टोकं मानेशी धरून उभी राहिली. मग हात खाली आणला आणि तळव्यावर साखळी पसरली. मधोमध एक चपटं पान होतं, त्यावर अरबी अक्षर. खाली अर्धगोल, वर एक टिंब.

"नून," गुणवंत म्हणाला. आयुष्य दुकानांच्या पाट्या वाचण्यात गेल्यामुळे त्याला तेवढी अक्षरं येत होती. "म्हणजे आपला न."

"लहान मुलीची आहे ही."

गुणवंतचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. मग त्याने मान वळवून वरच्या अंगाला पाहिलं, जिथून पाणी येतं तिथे. आकाश कोरडं ठणठणीत होतं. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर, त्यांच्या डोक्याच्याही वर, जुन्या पुराने सोडलेला काडीकचरा खडकांत अडकलेला दिसत होता. दर वेळी दिसायचा. आज त्याने तो पाहिला.

*

"मम्मा, इट्स नॉट आवर बिझनेस," ईश्वरी म्हणाली. अल नहदाच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर साखळी टिश्यूवर ठेवलेली होती. ईश्वरी बारावीत होती आणि पोळीचा तुकडा हातात तसाच धरून बसली होती. "जस्ट गिव्ह इट टु द पोलीस."

"तेच म्हणतोय मी," गुणवंत म्हणाला. "सापडलेली वस्तू ठेवून घ्यायची नसते इथे. उद्या नेऊन देऊ, खलास."

मृणालिनीने फ्रेडीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. फ्रेडीने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे बशा-पेल्यांचा खणखणाट चालला होता. मग दार लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"वहिनी, तुम्ही बसून आहात ना? ऐका. कोविड संपला, त्याच्या पुढच्या वर्षी तिथे पाणी आलेलं. ऊन होतं हो खाली! वरती कुठेतरी डोंगरात पडला असणार पाऊस. एक पाकिस्तानी फॅमिली पिकनिकला आली होती. आमच्या हॉटेलातून सर्च टीमला जेवण जायचं, मी स्वतः गाडी घेऊन जायचो, म्हणून मला माहीत. बाकी सगळे वाचले. मुलगी गेली. सापडलीच नाही ती."

"किती मोठी होती?"

"पहिलीत होती म्हणे. आईच्या हातातून सुटली." फ्रेडी थांबला. "नबिला नाव. ती बाई दिवसभर तेच नाव घेऊन हाका मारायची. बापाचं तुमच्या शारजात, रोल्लात पडद्यांचं दुकान आहे, जहूर म्हणून. पण वहिनी, गुणवंत बरोबर बोलतोय. पोलिसात द्या. कशाला जाता?"

फोन ठेवल्यावर गुणवंतने साखळी टिश्यूत गुंडाळली.

"तू जायचं म्हणतेयस," तो म्हणाला.

"पोलिसांच्या पाकिटातून मिळाली तर कसं वाटेल त्यांना?"

"आणि आपल्या हातून मिळाली तर बरं वाटेल? मृणाल, ती मुलगी सापडलेली नाही. सापडली नाही म्हणजे त्यांच्या मनात कुठेतरी काहीतरी असेल. आपण जाऊन ते संपवायचं?"

ईश्वरीने बापाकडे पाहिलं. मग ताट उचलून ती आत निघून गेली आणि बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

"मला माझ्या मुलीची वस्तू हवी असती," मृणालिनी म्हणाली.

*

रोल्लातलं ते दुकान अरुंद होतं आणि छतापर्यंत पडद्यांच्या कापडाने भरलेलं होतं. जहूर मोजपट्टी गळ्यात टाकून एका गिऱ्हाइकाला मखमल दाखवत होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, दाढी नीट कातरलेली. गिऱ्हाईक गेल्यावर गुणवंतने आपल्या ऑफिसच्या हिंदीत, अडखळत, दर शनिवारी कुठे जातो, काय सापडलं ते सांगितलं आणि मृणालिनीचा नंबर लिहून दिला. मृणालिनीने टिश्यू काउंटरवर ठेवला.

जहूरने तो उघडला नाही. त्याचे हात काउंटरवर होते ते मागे गेले.

"मैं नहीं पहचान पाऊँगा," तो म्हणाला. "ये सब उसी को याद रहता है. ऊपर चलिए. चाय पी के जाइए."

त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. जिन्यात तो पुढे होता आणि प्रत्येक मजल्यावर थांबून, वळून न पाहता, त्यांची वाट बघत होता. दारापाशी पोचल्यावर त्याने बेल वाजवायच्या आधी मोजपट्टी गळ्यातून काढून खिशात कोंबली.

दार उघडणारी त्याची बायको शहनाझ उंच होती. ओढणी डोक्यावर, चेहरा शांत. तिने पाहुण्यांना बसवलं, पाणी आणलं, कुठून आलात विचारलं, मुलं किती विचारलं. एक मुलगी, एवढंच मृणालिनीने सांगितलं. घर स्वच्छ होतं. भिंतीवर मुलीचा फोटो असेल म्हणून मृणालिनी वर बघायचं टाळत होती. मग वर पाहिलं, तर भिंती मोकळ्या होत्या.

जहूरच सगळं बोलला, थोडक्यात. शहनाझने हात पुढे केला.

मृणालिनीने साखळी तिच्या तळव्यावर ठेवली. शहनाझ साखळीकडे बघत नव्हती, मृणालिनीकडे बघत होती. पण तिचा अंगठा साखळीवरून सरकत गेला, पानाला स्पर्श न करता पुढे गेला आणि कडीशेजारच्या एका दुव्यावर थांबला. तो दुवा बाकीच्यांपेक्षा किंचित जाड होता. केव्हातरी तुटलेली साखळी कुणी सोनाराने जोडून दिली असावी. मृणालिनीला इतक्या वेळात तो दिसलाही नव्हता. अंगठा त्या दुव्यावर फिरला. एकदा, परत एकदा.

मग शहनाझने खाली पाहिलं.

"नहीं," ती म्हणाली. "ये हमारी नहीं है."

जहूर खिडकीशी उभा होता. त्यानेही तो अंगठा पाहिला होता.

"ठीक से देख लो," तो हळूच म्हणाला.

"देख लिया. उसकी वाली छोटी थी." तिने साखळी मृणालिनीच्या हातात परत ठेवली आणि मृणालिनीची बोटं आपल्या हाताने एकेक मिटवली. "किसी और की होगी. अल्लाह करे उसकी माँ को मिल जाए. मैं चाय लाती हूँ."

चहा आला. सगळ्यांनी प्यायला. गुणवंत रोल्लातल्या पार्किंगबद्दल काहीतरी बोलला आणि जहूरने त्याला नीट उत्तर दिलं. निघताना शहनाझ दारापर्यंत आली. मृणालिनीला तिचे हात धरावेसे वाटले, पण त्या हातांत कपबश्यांचा ट्रे होता.

गाडीत बसल्यावर गुणवंतने इंजिन चालू केलं नाही.

"तिचीच आहे," तो म्हणाला.

"हो."

"मग?"

"ती नाही म्हणाली ना." मृणालिनीने पट्टा ओढला, तो कडीत बसेना. "मी जायला नको होतं. तुम्ही सांगत होतात."

गुणवंतने तिच्या हातातून पट्टा घेतला आणि लावून दिला.

पोलीस स्टेशनवर एक तरुण अधिकारी होता. फार सभ्यपणे वागला. त्याने साखळी पाहिली, कुठे सापडली ते विचारलं, आणि वादीचं नाव ऐकल्यावर लिहिता लिहिता क्षणभर थांबला. मालक कोण असेल याची काही कल्पना? त्याने इंग्रजीत विचारलं.

गुणवंतने तोंड उघडलं.

"नाही," त्याच्या आधी मृणालिनी म्हणाली. "आम्हाला कोणीच माहीत नाही."

*

त्या आठवड्यात ती ऑफिसात चुका करत राहिली. एका कंटेनरवर भलत्याच बंदराचं नाव घातलं आणि मॅनेजरची बोलणी खाल्ली. घरी ईश्वरी अंघोळीला गेली आणि पाण्याचा आवाज लांबला की ही दारापाशी जाऊन उभी राहायची. "मम्मा, आय ॲम फाइन," आतून आवाज यायचा. शनिवारी जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. गुणवंतने पॅन, बादली, चाळण्या सगळं बाल्कनीतल्या कपाटात टाकून दिलं होतं.

गुरुवारी ती भाजी निवडत होती तेव्हा फोन वाजला.

"मैं शहनाझ. दुकान से नंबर लिया." मृणालिनीने भाजीचं ताट बाजूला सारलं. "आप लोग सनीचर को जाते हैं ना?"

"हाँ," मृणालिनी म्हणाली. जाणार नाही हे तिला सांगताच आलं नाही.

"मैं भी चलूँ?"

*

शनिवारी सकाळी ते रोल्लाला पोचले तेव्हा शहनाझ फुटपाथवर उभी होती. सलवार-कमीजखाली कोरे करकरीत बूट होते, पेटीतून आजच काढलेले. शेजारी जहूर जेवणाचा डबा घेऊन उभा होता. त्याने डबा मागच्या सीटवर ठेवला, बायकोच्या ओढणीचं टोक दारात अडकत होतं ते आत सारलं.

"आप भी चलिए, जहूरभाई," गुणवंत म्हणाला.

"मैं उस तरफ नहीं जाता," जहूर म्हणाला आणि दुकानाकडे वळला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याने शटर उघडलं नव्हतं. कुलपाशी वाकून तसाच उभा होता.

वाटेत पेट्रोल पंपावर त्यांनी दाट दुधाचा करक चहा घेतला. शहनाझने सगळा प्यायला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर डोंगर जवळ आले, तपकिरी, उघडेबोडके, आणि तिने खिडकीची काच खाली केली. मृणालिनी पुढे बसून आरशात तिला बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे तेवढे बाहेरच्या प्रत्येक वळणाबरोबर हलत होते, जणू रस्ता तिला पाठ होता.

वादीत उतरल्यावर ती न विचारता चालायला लागली. एका ठिकाणी, मोठ्या सपाट खडकापाशी, ती थबकली. तिथे काही नव्हतं, गोटे होते फक्त. तिने खडकाला वळसा घातला, त्याच्याकडे न बघता, आणि पुढे चालत राहिली. मृणालिनी-गुणवंतची वाळू धुवायची जागा तिथून बरीच खाली होती.

"यहाँ?" मोठ्या दगडापाशी पोचल्यावर तिने विचारलं.

मृणालिनीने ती चीर दाखवली. शहनाझ उकिडवी बसली आणि चिरेत दोन बोटं घालून तशीच बसून राहिली. डबक्यात बारीक मासे होते, ते तिच्या सावलीखाली जमा झाले. गुणवंतला काय करावं सुचेना. त्याने पॅनमध्ये वाळू घेतली आणि धुवायला लागला. दोन्ही बायकांचं लक्ष दुसरीकडे लागेल म्हणून असेल, तो समजावून सांगायलाही लागला.

"पानी जब मुड़ता है ना, भाभी, तो बाहर की साइड जोर से जाता है. अंदर की साइड उसका जोर कम हो जाता है. इसलिए जो भारी है, वो अंदर की साइड बैठ जाता है. फिर वो हिलता नहीं. कितना भी पानी आए, वहीं रहता है."

शहनाझ पॅनमधल्या पाण्याकडे बघत होती. फिकट वाळू कडेवरून निघून जात होती.

"और जो भारी नहीं होता?"

गुणवंतचे हात थांबले. पाणी पॅनमध्ये थोडा वेळ आपलं आपण फिरत राहिलं. त्याने मृणालिनीकडे पाहिलं.

पहिलीत असताना ईश्वरी शाळेच्या बसमधून झोपलेली उतरायची. मृणालिनी तिला एका हाताने उचलून, दुसऱ्या हातात दप्तर आणि पर्स घेऊन लिफ्टपर्यंत न्यायची. काही वजन लागायचं नाही. त्या वयात काही वजनच नसतं.

"वो आगे जाता है," मृणालिनी म्हणाली.

"कहाँ तक?"

"नीचे एक बाँध है. पानी वहाँ जा के रुकता है. मिट्टी, लकड़ी, सब वहीं जमा होता है."

"आप लोग गए हैं कभी?"

"नहीं." तिला खोटं सांगवेना. "वहाँ सोना नहीं मिलता."

शहनाझने मान हलवली, जणू एवढंच तिला विचारायचं होतं. तिने चिरेतून बोटं काढली, पाण्यात धुतली, ओढणीला पुसली. मग उठून उभी राहिली. खालच्या बाजूला वादी रुंद होत गेली होती. नजर जाईल तिथपर्यंत पांढरे-करडे गोटे उन्हात पसरले होते, मध्ये कुठे बाभळीचं झाड, आणि लांबवर डोंगराच्या दोन कडांमध्ये बंधाऱ्याची सरळ रेघ. तिने नव्या बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि तिकडे चालायला लागली.

"भाभी, सुनिए," गुणवंत उठला. "तिथे त्या वेळी सगळं शोधलेलं आहे टीमने," तो घाईत मराठीतच बोलून गेला. "कुत्रे होते, मशिनं होती..."

"बोलू नका काही," मृणालिनी म्हणाली.

शहनाझने मागे वळून पाहिलं नाही. गोट्यांवरून तोल सावरत, एक हात थोडा बाजूला धरून ती चालली होती. कुणी लहान माणूस हात धरून बरोबर असावं, तशी.

मृणालिनीने पर्स खांद्याला अडकवली आणि पाण्याच्या बाटल्या उचलल्या. गुणवंतने पॅनमधली अर्धी धुतलेली वाळू, काळी-पिवळी सगळी, डबक्यात ओतून टाकली. मग तो सामानापाशी वाकला आणि तसाच थांबला. त्याचा आवाज आला तेव्हा इतका हलका होता की तिला जवळ जावं लागलं.

"चाळणी कुठली घेऊ?" तो म्हणाला. "मोठी की बारीक?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला ते विचारावं लागलं होतं, आणि विचारून तो खडकाकडे तोंड करून उभा होता.

"दोन्ही घ्या," ती म्हणाली, आणि शहनाझला गाठायला भराभर चालायला लागली.